‘एक लिटर अश्रू’ बघायला बसण्याआधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही जपानी मालिका मी आजवर तीनदा पाहिली. पहिल्यांदा जपानी शिकत होते तेव्हा, कान तयार व्हावा म्हणून. दुसऱ्यांदा अण्णांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या उशाशी रात्री जागताना. तिसऱ्यांदा वहिनीने हट्ट धरला म्हणून. ज्यांना ज्यांना सुचवली त्यांच्याकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते. शेवट काय होतो ते खाली उघड सांगितलंय. तसंही पहिल्या भागातच त्याचा अंदाज येतो, त्यामुळे रहस्य फोडल्याचं पाप मला लागू नये.

नेमकी कोणती मालिका? नाव शोधताना गोंधळ होतो.

जपानी नाव ‘इची रित्तोरु नो नामिदा’, म्हणजे एक लिटर अश्रू. ऑक्टोबर ते डिसेंबर २००५ या काळात फुजी टीव्हीवर दर मंगळवारी रात्री ९ वाजता लागायची. एकूण ११ भाग, प्रत्येक भाग साधारण पाऊण तासाचा. २००७ मध्ये एक जोडभाग आला. तो नाही पाहिलात तरी काही बिघडत नाही. गोंधळ होतो कारण मालिका एका आजारी मुलीच्या खऱ्या डायरीवर बेतलीय, त्याच डायरीवरचा, याच नावाचा एक सिनेमा मालिकेच्या आधी आला होता आणि २०१८ मध्ये तुर्कस्तानात याची त्यांच्या भाषेतली मालिकाही निघाली. तुम्हाला हवी ती एरिका सावाजिरीची. आईच्या भूमिकेत हिरोको याकुशिमारु, बाबा ताकानोरी जिन्नाई.

११ भाग ऐकून आपल्याकडच्यांना चुकल्यासारखं वाटतं. जपानात मालिका तीन महिन्यांच्या हप्त्यात बसवतात, त्याला ते ‘कूल’ म्हणतात. गोष्ट संपली की मालिका संपते. सासूचा पुनर्जन्म वगैरे भानगड नाही.

गोष्ट थोडक्यात?

पंधरा वर्षांची आया इकेउची. वडिलांचं तोफूचं दुकान, आई सरकारी आरोग्यसेविका, चार भावंडांत आया थोरली. नुकतीच चांगल्या हायस्कुलात प्रवेश मिळालेला, बास्केटबॉलची आवड. तिला चालताना तोल जायला लागतो. निदान होतं मेंदूच्या अशा आजाराचं, जो बरा होत नाही आणि हळूहळू चालणं, लिहिणं, बोलणं, गिळणं काढून घेतो. ती रोज डायरी लिहिते.

हे खरं घडलंय का?

हो. खरी मुलगी आया कितो, जन्म १९६२, जपानच्या आइची प्रांतातल्या तोयोहाशी शहरातली. पंधराव्या वर्षी निदान झालं, मे १९८८ मध्ये पंचविसाव्या वर्षी ती गेली. तिची डायरी १९८६ मध्ये, ती हयात असतानाच पुस्तकरूपाने आली. प्रत्येक भागाच्या शेवटी श्रेयनामावलीबरोबर जे जुने फोटो आणि डायरीतल्या ओळी दिसतात, त्या तिच्याच आहेत. उठून चहा ठेवायला जाऊ नका, तेवढं बघाच.

मालिकेने बदल मात्र पुष्कळ केले. काळ १९७०च्या दशकातून उचलून २००५ मध्ये आणला, त्यामुळे मुलांच्या हातात मोबाईल आहेत. प्रत्यक्षातल्या डॉक्टर बाई होत्या, इथे पुरुष डॉक्टर आहेत. आणि हारुतो, म्हणजे सायकलवर डबलसीट नेणारा तो मितभाषी मुलगा, डायरीत नाहीच. तो मालिकेसाठी घडवलेला आहे. हे कळल्यावर माझ्या एका मैत्रिणीने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं.

आईचा व्यवसाय मात्र खरा. आयाची आई खरोखरच सार्वजनिक आरोग्यसेविका होती आणि त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला दुसऱ्या कुठल्याही आईच्या आधी कळलं. मालिकेत ती रात्री दवाखान्याची जाड पुस्तकं उघडून बसते, तो प्रसंग मला कुठल्याही रडारडीपेक्षा जड जातो. माहिती असणं हीसुद्धा एक शिक्षा असते, हे याकुशिमारुबाई नुसत्या पान उलटण्यातून दाखवतात.

आजाराचं नाव काय?

इंग्रजीत स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया म्हणतात, डॉक्टर लोक ‘एससीए’ म्हणून मोकळे होतात. लहान मेंदू, मेंदूचा देठ आणि मज्जारज्जू यांतल्या पेशी हळूहळू झिजतात. हा एकच आजार नाही, बरेच प्रकार एका छत्रीखाली येतात. काही आनुवंशिक, काही नाहीत. जपानात आनुवंशिक नसलेलेच रुग्ण जास्त, साधारण दोनतृतीयांश. आनुवंशिक प्रकारांपैकी बऱ्याच प्रकारांत आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. भारतातही एससीए १, २, ३ आणि १२ हे प्रकार आढळतात.

संसर्गाने होत नाही. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आमच्या सोसायटीत अण्णांच्या हाताची थरथर बघून एका बाईंनी मुलाला लिफ्टमधून बाहेर ओढलं होतं.

आया पडते तेव्हा हनुवटीच का फुटते? जरा अतिरंजित वाटतं.

अजिबात अतिरंजित नाही. मला विचाराल तर पूर्ण मालिकेतली सगळ्यात अचूक गोष्ट हीच.

तुम्ही-आम्ही ठेचकाळतो तेव्हा विचार करायच्या आत हात पुढे येतात. तळवे खरचटतात, फार तर मनगट दुखावतं, तोंड वाचतं. ही जी वेळेवर हात पुढे येण्याची करामत आहे तिचं टायमिंग लहान मेंदू सांभाळतो. कुठला स्नायू कधी, किती ताणायचा याचा हिशेब तोच ठेवतो. हिशेब चुकला की ताकद असते, इच्छा असते, हात मात्र उशिरा पोचतात. माणूस कापलेल्या झाडासारखा सरळ तोंडावर येतो. पहिल्या भागात आया अशीच पडते आणि जखम बघून प्रश्न उभा राहतो, की हिने हात का नाही टेकले?

मग ते स्वतःच्या नाकाला आणि डॉक्टरांच्या बोटाला आळीपाळीने बोट लावायची तपासणी होते. त्यात तिचं बोट कुठे चुकतं ते बघा. मालिका दुसऱ्यांदा बघाल तेव्हा चेहऱ्यांऐवजी फक्त हातांवर लक्ष ठेवा. चॉपस्टिक धरणारा हात, बोरू धरल्यासारखं गच्च पेन पकडणारा हात, जिन्याचा कठडा चाचपणारा हात. आजार तिथे घडतोय. चेहऱ्यावर नंतर पोचतो.

बुद्धीवर परिणाम होतो का?

विचार करणं, आठवणं, लोक काय बोलतायत ते समजणं बहुतांशी शाबूत राहतं. मेख तीच आहे. बोलणं अडखळतं आणि जड होतं, मग समोरचा माणूस मोठ्याने, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागतो किंवा सोबतच्याला विचारतो, ‘हिला काय होतंय?’ आपल्याकडे दवाखान्यात हे रोज घडतं. अण्णांना पार्किन्सन होता, आजार वेगळा, पण बोलणं तसंच गेलं. केसपेपर काढणारा माणूस त्यांच्यादेखत मला विचारायचा, ‘आजोबांना कळतं का?’ आजोबा आयुष्यभर गणिताचे मास्तर होते.

डॉक्टर आधी आईवडिलांनाच का सांगतात? तिला का नाही?

जपानात दीर्घकाळ हीच रीत होती. गंभीर आजार असेल तर आधी घरच्यांना बोलवायचं, रुग्णाला सांगायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. कॅन्सरच्या बाबतीत तर १९८०च्या दशकातही बहुतेक रुग्णांना थेट सांगत नसत. पुढे हे बदललं. मालिकेत मुलगी अल्पवयीन आहे, त्यामुळे आईवडिलांना आधी कळणं ओघानेच आलं, पण ताण आहे तो ‘आता हिला कधी सांगायचं’ याचा.

मराठी माणसाला यात परकं काहीच वाटणार नाही. ‘पेशंटला काही बोलू नका हं’ हे वाक्य आपल्याकडे डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी, खालच्या आवाजात, चप्पल घालता घालता बोललं जातं. आणि पेशंट आत बेडवर सगळं समजून पडलेला असतो. आयालाही आधीच कळून चुकलेलं असतं. तिसऱ्या भागात ती विचारते ते ‘मला काय झालंय’ असं नसतंच. आजाराने मलाच का निवडलं, हा तिचा प्रश्न असतो. डायरीतलाही तोच.

शाळेतले पालक एवढे निष्ठुर का दाखवलेत?

ते निष्ठुर नाहीत म्हणून तर तो भाग बघवत नाही. एकही माणूस वाईट बोलत नाही. सगळे सभेत अदबीने बसतात, आयाबद्दल सहानुभूती दाखवतात आणि मग सांगतात की तिला वर्गातून वर्गात नेण्यात आमच्या मुलांचा अभ्यास बुडतोय.

इथे एक जपानी शब्द माहीत असलेला बरा : ‘मेइवाकु’. दुसऱ्याला होणारा त्रास, खोळंबा, भार. लहानपणापासून मुलांना शिकवतात, कुणाला मेइवाकु देऊ नकोस. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे, ‘ताप’. ‘आपला कुणाला ताप नको’ असं म्हणणारी माणसं आपल्या प्रत्येक घरात एक तरी असते. आया त्याच संस्कारात वाढलेली. म्हणून ती भांडत नाही, स्वतःच शाळा सोडायचं ठरवते. वर्गात हारुतो जेव्हा सगळ्यांना झापतो, की तिच्या तोंडावर हसायचं आणि मागे कुरकुरायचं हे कसलं वागणं, तेव्हा आया दाराबाहेर उभी असते. गंमत म्हणजे तो स्वतःलाही त्यातून वगळत नाही.

पुढची विशेष शाळा हा भाग उगाच घातलेला नाही. खऱ्या आयालाही पहिलं वर्ष झाल्यावर नेहमीचं हायस्कूल सोडून ओकाझाकीच्या अपंग मुलांच्या शाळेत जावं लागलं. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, अशा शाळा काढणं जपानातल्या प्रांतांवर बंधनकारक झालं. प्रवेशाचा हक्क मिळाला हे खरं, पण ‘तुझी जागा तिकडे’ असं सांगायला एक इमारतही मिळाली. यावर तिकडे बरेच वाद झाले. आपल्याकडे इमारतही नसते, तेव्हा कोणत्या तोंडाने बोलावं?

भावंडांबद्दल काही सांगाल?

धाकटी बहीण आको हे माझं सगळ्यात आवडतं पात्र, रिको नारुमीने केलेलं. सुरुवातीला नुसती धुसफूस. ताई हुशार, ताईचं कौतुक, आणि मी काय हेलपाटे मारायला? पण सहाव्या भागात मधला भाऊ हिरोकी फुटबॉलच्या मित्रांसमोर ताईची लाज वाटून गप्प बसतो तेव्हा त्याला खडसावते ती आकोच. आजारी माणसाच्या घरात धडधाकट मुलाकडे कुणाचं लक्ष नसतं, हे लेखकाने विसरू दिलेलं नाही.

अक्षरांचा तक्ता म्हणजे काय? आपल्याकडे तसं करता येईल?

बोलणं गेल्यावर आया एका तक्त्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवत ठेवत शब्द सांगते. जपानी ‘काना’ लिपीत एक खूण म्हणजे एक पूर्ण उच्चार, आणि तक्त्यात जेमतेम पन्नासेक घरं. ‘आ-रि-गा-तो-उ’ म्हणायला पाच वेळा बोट हलवलं की झालं.

अण्णांसाठी मी हौसेने मराठी तक्ता करायला बसले आणि तिथेच अडकले. बाराखडी पूर्ण मांडायची तर चारशेच्या वर चौकटी होतात. व्यंजनं एकीकडे आणि काना-मात्रा एकीकडे ठेवल्या तर ‘पाणी’ या दोन अक्षरांसाठी थरथरता हात चारदा उचलावा लागतो. जोडाक्षराचं तर नावच नको. शेवटी अक्षरं सोडली आणि पुठ्ठ्यावर स्केचपेनने बारा शब्द लिहिले : पाणी, लघवी, कूस, पंखा, दुखतंय, उशी, चष्मा, रेडिओ, दार, नको, हो, थांब. आठवड्याभराने अण्णांनी बोटाने पुठ्ठ्याची रिकामी कड ठोकायला सुरुवात केली. काय हवंय ते कुणालाच कळेना. तासाभराने वहिनीच्या लक्षात आलं. तिने तिथे ‘चहा’ लिहिलं.

तुमच्या घरी गरज असेल तर एवढंच सांगेन, शब्द तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा. वाचा-उपचार करणाऱ्या थेरपिस्टना यातलं आपल्यापेक्षा पुष्कळ कळतं.

आज यावर औषध आहे का?

आजार थांबवणारं किंवा उलटवणारं औषध नाही. जपानात २००० साली टॅल्टिरेलिन नावाची गोळी मंजूर झाली, ती तोल आणि चालण्याच्या तक्रारींसाठी देतात, तिचा गुण मर्यादित. बाकी भर व्यायामावर : तोल सांभाळणारी फिजिओथेरपी, बोलण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम. गिळण्याकडे दुर्लक्ष करू नका, घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हा या आजारातला मोठा धोका आहे. पातळ पाणी घट्ट आमटीपेक्षा जास्त ठसका लावतं, हे ऐकून आमच्याकडे कुणाचाच विश्वास बसला नव्हता.

आमच्या घरी असंच निदान झालंय. त्यांच्याबरोबर बघावी का?

आधी एकट्याने बघा, मग ठरवा.

मालिकेतला वेग हा सगळ्यांचा वेग नव्हे. आयाला फार लहान वयात झाला आणि झपाट्याने वाढला. पुष्कळ प्रकार चाळिशी-पन्नाशीत सुरू होतात, सावकाश वाढतात, माणसं त्यासह दोन-दोन दशकं काढतात. आपला रिपोर्ट हातात धरून पाचवा भाग बघितला की माणूस मनात तारखा मांडायला लागतो, आणि त्या तारखा चुकीच्या असतात. निदान ताजं असेल तर मी नको म्हणेन. काही वर्षं उलटली असतील आणि त्यांनी स्वतः विचारलं, तर लपवूही नका. अण्णांनी त्यांच्या रात्री माझ्या खांद्यावरून दोन भाग पाहिले. प्रतिक्रिया एकच, खुणेने : आवाज कमी कर.

पाचव्या भागातलं ते ‘कार्ड’ काय असतं?

अपंगत्वाची नोंदवही, जपानीत ‘तेच्यो’. ती मिळाली की सवलती आणि मदत सुरू होते, पण ती घेणं म्हणजे सही करून कबूल करणं. आया तिथे बिथरते. शिवाय जपानात असाध्य, दुर्मीळ आजारांसाठी १९७२ पासून वेगळं सरकारी धोरण आहे, त्यांना ‘नानब्यो’ म्हणतात. २०१५ पासून त्याचा कायदाच लागू झाला आणि हा आजार त्या यादीत आहे, उपचाराच्या खर्चाला मदत मिळते.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजारही येतात. दाखला आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. चालता येतंय तोवर काढलं तर एक हेलपाटा वाचतो. हे काम ‘बघू पुढे’ म्हणत घरोघरी रेंगाळतं, आणि का रेंगाळतं ते पाचवा भाग पाहिल्यावर कळतं.

फार रडवते का?

रडवते, आणि कधी कधी जबरदस्तीने. ‘कोनायुकी’ हे गाणं, म्हणजे भुरभुरणारा बर्फ, छान आहे, पण ते सुरू झालं की पाव मिनिटात कुणीतरी रडणार हे तिसऱ्या भागापर्यंत पाठ होतं. हारुतोच्या घरचं दुःख मला उपरं वाटतं. बाबांचा विनोदी आरडाओरडा सुरुवातीला जास्त होतो, मात्र पहाटे एकटे तोफू काढताना ते गप्प होतात तेव्हा आधीचा आरडाओरडा कशासाठी होता ते उमगतं.

मुलांना दाखवू का?

बारा-तेरा वर्षांच्या पुढे, सोबत बसून. मारामारी, शिव्या, आचरट काही नाही. मुलं जास्त करून हिरोकीच्या प्रसंगावर बोलतात, आयावर कमी.

जपानी शिकायला उपयोग होतो?

उत्तम. घरातली बोली, शाळेतली बोली, डॉक्टरांची अदबीची भाषा, सगळं एकाच मालिकेत. बोलणंही तुटक आणि स्वच्छ. जसजसं आयाचं बोलणं जड होत जातं तसतसे तिचे शब्द मलाही जास्त स्पष्ट ऐकू यायला लागले, आणि याचं वाईटही वाटलं.

यानंतर काय बघू?

दमला नसाल तर ‘बोकु नो इकिरु मिची’ (२००३), पोटाचा कॅन्सर झालेल्या शिक्षकाची गोष्ट, खूप संयत. ‘बोकु नो इता जिकान’ (२०१४) एएलएस, म्हणजे हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा आजार, झालेल्या तरुणावर आहे. ‘ब्युटिफुल लाइफ’ (२०००) व्हीलचेअरवरच्या ग्रंथपाल मुलीची प्रेमकथा, जपानात तुफान चालली होती.

एका रविवारी सगळे भाग बघून होतात का?

होतात, साधारण आठ-नऊ तासांचं काम आहे, पण करू नका. लोकांनी ती आठवड्याला एक अशी पाहिली होती. आम्ही तिसऱ्या वेळी रोज रात्री एक लावायचो, जेवणं आटोपल्यावर. आठव्या भागात आया शाळा सोडते आणि वर्गातली मुलं तिच्यामागे गेटपर्यंत धावत येऊन वर्गाचं गाणं म्हणतात. तो संपल्यावर वहिनी काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी मांडणीत लावायला लागली. बराच वेळ लावत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही क्रिकेट लावलं. नववा भाग तिसऱ्या दिवशी पाहिला.